मदत हवी आहे: 'लिबर्टेरियन'ला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या राजकारणावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि दोन शब्दांपाशी अडलेय: लिबरल आणि लिबर्टेरियन. पहिल्या खर्ड्यात दोन्हींना 'उदारमतवादी' लिहिलं. वाचून पाहिलं तर एकाच परिच्छेदात उदारमतवादी श्रीमंतांवरचा कर वाढवा म्हणतायत आणि उदारमतवादीच आयकर रद्द करा म्हणतायत!

फरक मला कळलाय तो असा. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या न्यू डीलपासून (महामंदीतल्या सरकारी मदतीच्या आणि सुधारणांच्या कार्यक्रमापासून), म्हणजे १९३० च्या दशकापासून, तिकडे लिबरल म्हणजे पेन्शन, बेकारभत्ता, किमान वेतन यांत सरकारने लक्ष घालावं असं मानणारा. मुक्त बाजार आणि कमीत कमी सरकार हा जुना अर्थ ज्यांना हवा होता, त्यांतले बरेच जण पुढे स्वतःला लिबर्टेरियन म्हणवू लागले. १९७१ मध्ये त्यांचा पक्षही निघाला. २०१६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांचे उमेदवार गॅरी जॉन्सन यांना ३ टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली. गांजा कायदेशीर करण्यावर दोघांचं बरंच जमतं, बंदुका आणि कर आले की फाटतं.

आता शब्द. 'उदारमतवादी' म्हटलं की आपल्याला रानडे-गोखले आठवतात. 'स्वातंत्र्यवादी' लिहिलं तर स्वातंत्र्यलढ्यातला कुणी वाटतो. 'स्वैरतावादी'त सरळ निंदाच आहे, ती मला नको.

राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी तुमच्या वर्गात कोणता शब्द चालतो ते सांगा. अमेरिकेत राहणाऱ्यांनो, घरी मराठीत बोलताना तुम्ही काय म्हणता? शनिवारी लेख द्यायचाय.