शब्दचर्चा: ॲनोडला धनाग्र म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे की, 'ॲनोड' (ज्या दोन टोकांतून विद्युत प्रवाह ये-जा करतो त्यांपैकी एक) या शब्दासाठी आपल्या पाठ्यपुस्तकांत 'धनाग्र', म्हणजे धन टोक, हा शब्द असताना टॉर्चमधल्या सेलची जस्ताची नळी ॲनोड असूनही सेलचे ऋण टोक कशी काय ठरते. प्रश्न अगदी नेमका आहे, आणि त्याचे उत्तर शब्दाच्या जन्मकथेत दडलेले आहे.

१८३४ साली लंडनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे विद्युत अपघटनाचे, म्हणजे द्रावणातून वीज सोडून पदार्थाचे घटक वेगळे करण्याचे, प्रयोग करीत होते. द्रावणात बुडवलेल्या पट्ट्यांना तेव्हा 'पोल' म्हणजे ध्रुव म्हणत. चुंबकाचा ध्रुव जसा लोखंड ओढतो तशी ही टोके पदार्थाचे घटक स्वतःकडे ओढतात, अशी समजूत त्या शब्दातच गृहीत होती आणि फॅरडे यांना ती मान्य नव्हती. कोणत्याही सिद्धान्ताची बाजू न घेणारे शब्द त्यांना हवे होते. परंतु पुस्तकबांधणीची उमेदवारी करून वर आलेल्या या माणसाला ग्रीक येत नव्हते, म्हणून त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील विद्वान विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहून सल्ला विचारला. ह्यूएल यांनी 'ॲनोड' आणि 'कॅथोड' हे शब्द सुचवले. ग्रीकमध्ये 'होदोस' म्हणजे वाट, 'आना' म्हणजे वर आणि 'काता' म्हणजे खाली. म्हणजे एक चढती वाट आणि दुसरी उतरती.

चढण कोणाची आणि उतरण कोणाची, असे कोणीही विचारील. फॅरडे यांनी कल्पना केली होती की, पृथ्वीचे चुंबकत्व जर विद्युत प्रवाहामुळे असेल, तर तो प्रवाह सूर्याच्या भासमान गतीप्रमाणे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असला पाहिजे. प्रयोगाचे पात्र त्या दिशेने मांडले, तर प्रवाह जिथे आत शिरतो ती बाजू सूर्य उगवण्याची आणि जिथे बाहेर पडतो ती मावळण्याची. ह्यूएल यांच्याकडे जाण्यापूर्वी फॅरडे यांनी पूर्व-पश्चिम सुचवणारे शब्द घडवूनही पाहिले होते. तेव्हा ॲनोड म्हणजे प्रवाह आत शिरण्याची जागा, एवढाच मूळ अर्थ आहे. धन-ऋण त्यात कुठेही नाही.

आता सेल हातात घेऊन पाहू. जुना साधा सेल कापला, की बाहेर जस्ताची नळी, आत काळा लगदा आणि मधोमध कार्बनची कांडी दिसते, जिच्या डोक्यावरच्या धातूच्या टोपीपाशी अधिकचे चिन्ह असते. सेल चालू असताना बाहेरच्या तारेतला प्रवाह या टोपीकडून निघून जस्ताकडे येतो आणि तिथून सेलच्या आत शिरतो. म्हणून जस्त हा ॲनोड, आणि तरीही ते ऋण टोक. विद्युत अपघटनाच्या पात्रात मात्र बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली पट्टीच ॲनोड असते, त्यामुळे तिथे 'धनाग्र' चपखल बसतो. माझे मत असे की, 'धनाग्र' हे धन टोकाचे नाव म्हणून उत्तम आहे, पण ॲनोडचा सरसकट पर्याय म्हणून ते चुकीचे आहे, आणि सेलविषयी लिहिताना 'ॲनोड' हाच शब्द ठेवावा.

'आयन' (विद्युत प्रभार असलेला कण) या शब्दाविषयी मात्र मला मनापासून आनंद वाटतो. तो शब्दही त्याच पत्रव्यवहारातला. ग्रीक 'इऑन' म्हणजे जाणारे. ग्रीकमधला हा 'जाणे' अर्थाचा धातू आणि संस्कृतातला 'इ' (एति, म्हणजे जातो) हे एकाच मुळाचे आहेत, आणि त्याच संस्कृत धातूपासून आपले 'अयन' आले आहे. आपण इंग्रजी उच्चार ऐकून 'आयन' लिहिले खरे, पण 'धनायन' (धन प्रभाराचा आयन) हा शब्द धन अधिक आयन असा फोडा किंवा धन अधिक अयन असा, संधी एकच होतो. 'ऋणायन' (ऋण प्रभाराचा आयन) तर थेट 'दक्षिणायन'च्या शेजारी बसतो. दोन्हींत शेवटी 'न' आहे, 'उत्तरायण'सारखा 'ण' नाही, कारण मधला 'ण' हा 'न'चा 'ण' होण्याचा बदल अडवतो.

त्याहून सुंदर जुळणी 'ॲनायन'मध्ये, म्हणजे ऋणायनाच्या मूळ नावात, आहे. त्याचा ग्रीक अर्थ वर जाणारे, आणि आपला 'उदय' हाही 'उद्' म्हणजे वर आणि तोच 'इ' धातू यांचाच बनलेला आहे. फॅरडे यांनी उगवत्या सूर्याचा विचार करून ज्या बाजूला नाव शोधले, त्या बाजूकडे जाणाऱ्या कणाच्या नावात आणि आपल्या सूर्योदयात एकच धातू आहे.

राहता राहिला विद्यार्थ्यांचा नेहमीचा घोटाळा, की धनायन ऋण टोकाकडे का जातो. अपघटनाच्या पात्रात ऋण टोक म्हणजे कॅथोड, आणि 'कॅटायन' (धनायनाचे मूळ नाव) म्हणजे खाली जाणारे, म्हणजेच उतरत्या वाटेने कॅथोडकडे निघालेले. मूळ शब्दांत कण आणि त्याची वाट यांची नावे जुळलेली आहेत. आपल्याकडे कणाला त्याच्या प्रभारावरून नाव मिळाले आणि पट्टीला तिच्या, म्हणून ती एकमेकांच्या उलट दिसतात. शिकवताना दोन्ही जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात.