एस-४००: स्वाभिमान की सौदा?

नेरूळ_खाडीकाठ (धागाकर्ती): घोडबंदरच्या एका गृहस्थांची पोस्ट काल सगळ्या ग्रुपांवर फिरत होती. (एस-४०० म्हणजे शत्रूची विमानं आणि क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी यंत्रणा; सुदर्शन चक्र म्हणजे देशभर उभारायचं हवाई संरक्षण कवच.) "रशियाकडून एस-४०० घेतलं, अमेरिकेच्या धमकीला भीक घातली नाही, हाच स्वाभिमान. सुदर्शन चक्र पूर्ण झालं की ठाणे-मुंबईवर एकही क्षेपणास्त्र पडणार नाही. बिनघोर झोपा."

मला झोप लागली नाही. माझ्या गॅलरीतून खारफुटीपलीकडे ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र दिसतं. खाली उरणला बंदर आणि ओएनजीसी. कवच हवंय ते आम्हालाच. पण खोटी ग्वाही नको.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ५.४३ अब्ज डॉलरचा करार झाला. याच यंत्रणेच्या खरेदीपायी अमेरिकेने तुर्कस्तानला २०१९ मध्ये एफ-३५ लढाऊ विमानांच्या प्रकल्पातून काढलं, २०२० मध्ये काट्साचे (रशियाकडून शस्त्रं घेणाऱ्यांना शिक्षा करणारा अमेरिकेचा कायदा) निर्बंध लावले. आपल्याला लावले नाहीत, कारण चीनसमोर आपण त्यांना हवे होतो. आणि निम्म्याहून जास्त शस्त्रसामग्री रशियन असल्यावर मॉस्कोशी बिघडवणं आपल्याला परवडत नव्हतं. चोख व्यवहार आहे, त्यात लाज कसली? पण त्याला स्वाभिमान म्हटलं की हिशेब विचारणाराच देशद्रोही ठरतो.

२००१ आठवा. १ मे रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी क्षेपणास्त्रकवचाची योजना मांडली. युरोपातले मित्रदेश कुरकुरत होते, तेव्हा जसवंत सिंह यांच्या परराष्ट्र खात्याने लगोलग स्वागत केलं. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतरचे निर्बंध उठवून घ्यायचे होते. कवच त्यांचं, गरज आपली.

कळवा_एअरडिफेन्स: ताई, मी २२ वर्षं एल-७० या विमानविरोधी तोफेवर काढली. तोफ स्वीडनची, वयाने जवळपास माझ्याएवढी. बॅरल तापलं की ग्रीसचा वास दोन दिवस हातावरून जात नसे. त्याच तोफांनी, नवी उपकरणं बसवून, मे २०२५ मध्ये पाकिस्तानचे ड्रोन पाडले. एस-४०० ने पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडलं, असं हवाईदल प्रमुखांनी जाहीर सांगितलं. हे कबूल करताना तुमची जीभ का अडखळते?

नेरूळ_खाडीकाठ: कवचाने काम केलं, मान्य. नाकारलं कुठे होतं? मी "एकही पडणार नाही" याला उत्तर देतेय. इस्रायलचं कवच आयर्न डोम मोकळ्या जागी पडणारं रॉकेट सोडून देतं. कळव्यापासून मुंब्र्यापर्यंत मोकळा माळ दाखवा मला. हवेत फोडलेल्याचे तुकडेही खालीच येतात. शिवाय कवच आलं की समोरचा भाले वाढवतो. २०१७ मध्ये पाकिस्तानने एकावेळी अनेक अण्वस्त्रं नेऊ शकणाऱ्या अबाबीलची चाचणी केली आणि कारण दिलं ते या भागातल्या वाढत्या क्षेपणास्त्रकवचांचंच. हे ओळखूनच अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १९७२ मध्ये करार करून कवचांवर मर्यादा घातली होती. २००२ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली.

कळवा_एअरडिफेन्स: मग काय, भाले वाढतील म्हणून ढालच घ्यायची नाही? रात्रभर तोफेशेजारी उभं राहून बघा, मग लिहा.

तुर्भे_कपडेवाला: स्वाभिमान असो की सौदा, बिल माझ्या दारात आलंय. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने आपल्या मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं. शर्टांचे खोके पॅक होऊन पडले आणि तिकडचा गिऱ्हाईक म्हणाला, भाव पाडा नाहीतर राहू द्या. चौदा बायका शिवणयंत्रावर होत्या, आता सहा आहेत. त्यांना कुठलं कवच?

कळवा_एअरडिफेन्स: त्यातलं वाढीव २५ टक्के शुल्क तेलापायी, एस-४०० पायी नाही.

तुर्भे_कपडेवाला: तेलही रशियाचंच ना? मला फरक सांगू नका, मला पगार करायचेत.

चेंदणी_आजी: तुम्ही दोघं आकाशात भांडताय. मी १९७१ चा ब्लॅकआउट पाहिलाय. आई मैद्याची खळ शिजवायची आणि आम्ही काचांना काळा कागद चिकटवायचो. भोंगा झाला की वॉर्डन शिट्टी मारत गल्लीतून जायचा, दिवा दिसला की नावाने हाक मारायचा. आज आमच्या इमारतीत भोंगा झाला तर कुठे जायचं, कुणाला ठाऊक आहे?

उरण_नाका: ७ मे २०२५ च्या मॉक ड्रिलला आमच्या गल्लीत भोंगा ऐकूच आला नाही. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं.

नेरूळ_खाडीकाठ: आमच्या बेसमेंटमध्ये पार्किंग. मी बैठकीत म्हटलं, एक कोपरा रिकामा ठेवा, पाणी आणि टॉर्च ठेवू. चेअरमन म्हणाले, त्या जागेचे पैसे कोण देणार?

उरण_नाका: पार्किंग विकलीच कशी? कॉमन जागा आहे ती!

तुर्भे_कपडेवाला: आमच्याकडेही विकली. पावतीसुद्धा दिली नाही.

नेरूळ_खाडीकाठ: पार्किंगचा वेगळा धागा काढा, हात जोडते.

कळवा_एअरडिफेन्स: नको. आजींचा प्रश्न खरा आहे. ताई, तुमचं परराष्ट्र धोरण मला पटलेलं नाही, पटणारही नाही. पण "बिनघोर झोपा" हे एअर डिफेन्समधला कुठलाही माणूस म्हणणार नाही, तेवढं तुमचं बरोबर. आम्ही तर झोपायचोच पाळीने.

चेंदणी_आजी: भोंगा झाल्यावर वेळ किती मिळतो हो?

कळवा_एअरडिफेन्स: बॅलिस्टिक क्षेपणास्त्र असेल तर काही मिनिटंच, आजी. जिन्यातल्या सायकली आणि कुंड्या आजच काढायला सांगा.