मदत हवी आहे: लोकप्रशासनात पीएच.डी. कुठे आणि कशी करावी?

नमस्कार मंडळी. लोकप्रशासनात एम.ए. केलं, सेट (सहायक प्राध्यापक होण्यासाठीची राज्य पात्रता परीक्षा) पास झाले आणि गेली तीन वर्षं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतेय. मानधन सहा-सहा महिने येत नाही, पण वर्गात उभं राहिलं की दुसरं काही करावंसं वाटत नाही.

विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं, हे मनाशी पक्कं आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांनुसार त्यासाठी पीएच.डी., 10 वर्षांचा अनुभव आणि किमान 10 शोधनिबंध लागतात. म्हणजे पीएच.डी. आत्ताच सुरू करायला हवी.

विषय मनात आहे: नगरपरिषदांचा कारभार. शहरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा देणारी 74 वी घटनादुरुस्ती होऊन तीस वर्षं उलटली, तरी घटनेच्या बाराव्या अनुसूचीत या संस्थांसाठी दिलेली 18 कामं त्यांच्याकडे प्रत्यक्षात किती सोपवली गेली? आमच्या गावात पाणीपट्टीची वसुली, मुख्याधिकाऱ्यांच्या बदल्या, ठेकेदारीवरचे सफाई कामगार हे सगळं मी जवळून पाहिलंय. त्यावर कुणीतरी नीट लिहायलाच हवं.

अडचण मार्गदर्शकांची. बहुतेक जण राज्यशास्त्राचे, आणि ते मला पक्षीय राजकारणाकडे वळवतात. मला अंदाजपत्रक, मनुष्यबळ, सेवा कशा पोचतात, या व्यवस्थापनाच्या बाजूनं काम करायचंय. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात लोकप्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे कुणी संशोधन केलंय का? की मुंबईला टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) प्रयत्न करू? आणि राज्यशास्त्राच्या जागेसाठी लोकप्रशासनाची पदवी मुलाखतीत अडवतात का? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. प्रवेश परीक्षेचा अर्ज लवकरच भरायचाय.