वाट नसलेला, झाडीत बुडालेला माथा: शेवटच्या दोनशे मीटरनं जीव काढला

पायपीट_चालू:
हिवाळा सरत आलाय, बर्फ अजून कमरेएवढा आहे, म्हणून गेल्या रविवारी मी आणि मेहुणा एका बिनवाटेच्या माथ्यावर गेलो. सकाळी सातला निघालो तेव्हा बर्फावर साय इतकी घट्ट धरली होती की स्नोशूज (बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) पाठीला बांधून नुसत्या बुटांनी चाललो. अकरापर्यंत चैन. मग डोंगराच्या सोंडेवर दाट स्प्रूसची (सूचिपर्णी झाडांची) झाडी लागली आणि सगळी मिजास उतरली. नकाशावरचे शेवटचे दोनशे मीटर कापायला एक तास दहा मिनिटं! फांदीनं मेहुण्याच्या चष्म्याची एक काच अलगद काढून घेतली, ती अजून तिथेच आहे.

त्यात मी गडप झालो. बर्फातून वीतभर शेंडा डोकावत होता, त्याच्याशेजारी पाय टाकला आणि छातीपर्यंत आत. खाली नुसती पोकळी. तोवर पायात चढवलेला डावा स्नोशू खालच्या फांद्यांत अडकला. जितका ओढावा तितका रुततोय. बाहेर यायला वीस मिनिटं लागली. पहिली दोन मिनिटं मेहुणा हसत होता, नंतर नाही.

वर पोचलो तर फोन म्हणतो माथा हाच. पण पश्चिमेला चाळीसेक पावलांवर दुसरा उंचवटा, आणि मला तो उंच वाटला. दीड वाजला होता, फिरलो. उतरताना मेहुण्याला शॉर्टकट सुचला आणि आम्ही भलत्याच ओढ्यात उतरलो.

तर असे खड्डे ओळखायचे कसे, आणि खरा माथा कोणता हे ठरवायचं कसं? दुसऱ्या प्रश्नानं झोप उडालीये.

खोडावर_बसलेला:
खड्ड्याचं सांगतो, मी तीनदा पडलोय. लहान झाडं पूर्ण गाडली जातात, फांद्या छत्रीसारखा बर्फ वरच्या वर अडवतात आणि बुंध्याभोवती हवा राहते. म्हणजे डोकावणारा शेंडा ही पाटीच समजायची, त्याच्या जवळून जायचंच नाही. जिथे शेंडाही दिसत नाही तिथे काठी खुपसून बघा. सहज आत गेली तर दुसरीकडून.

पडल्यावर पाय वर ओढायचा नाही, ती चूक सगळेच करतात. फांद्या खाली झुकलेल्या असतात. स्नोशू खाली जाताना सरकतो, वर येताना गळासारखा अडकतो. आधी स्वस्थ व्हा. हातानं बर्फ उकरत पट्ट्यापर्यंत पोचा, स्नोशू सोडा, पाय मोकळा करा. सॅक काढून समोर आडवी टाका आणि तिच्यावर छाती टेकून, पोहल्यासारखे, बाहेर या. सोबत्यानं लांबूनच काठी द्यायची. कडेला उभा राहिला तर तोही आत, मग हसायला कोणी उरत नाही.

कंपासवाली:
माथ्याचं फोनला विचारूच नका. दाट झाडीखाली त्याचा ठिपका बरेच मीटर भरकटतो आणि तुमचे दोन उंचवटे चाळीस पावलांवर. नकाशाचीही तीच गत: कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, वीस मीटरच्या अंतरानं असतील तर पंधरा मीटरचा उंचवटा दोन रेषांमध्ये बिनबोभाट लपतो.

माझा उपाय फुकटचा आहे. पारदर्शक बाटली अर्धी भरा. एका उंचवट्यावर तुम्ही, दुसऱ्यावर मेहुणा. बाटली डोळ्यासमोर धरून पाण्याच्या पातळीच्या रेघेत त्याच्याकडे बघा. रेघ त्याच्या डोक्यावरून गेली तर तुमची जागा उंच, पोटावर आली तर त्याची. मग जागा बदलून पुन्हा. फक्त पायाखाली वाऱ्यानं साचवलेला ढिगारा नाही ना, ते आधी काठीनं तपासा. मी एकदा बर्फाचा ढीग सर करून आले होते. झाडीतून मेहुणा दिसलाच नाही तर दोन्हीकडे जाऊन या, भांडण मिटलं.

आणि बिनवाटेच्या माथ्यावर चढण्यापेक्षा उतरणं फसवं. चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडेच येतात, उतरताना त्या फाकत जातात. दिशा पाच अंश चुकली तर एका किलोमीटरवर तुम्ही सुमारे 87 मीटर बाजूला. म्हणून आपल्याच पावलांवरून परत यायचं. शॉर्टकटवाल्याला मागे ठेवा.

खोडावर_बसलेला:
वेळेचं राहिलं. रात्री गोठलेली साय ऊन चढलं की मऊ पडते, मग प्रत्येक पावलाला गुडघाभर. दीड वाजता वरून फिरलात म्हणजे अख्खी उतरण त्या लगद्यात केलीत. सातऐवजी पाचला निघा, बॅटरीच्या उजेडात.

पायपीट_चालू:
बरोबर, उतरताना मांडीपर्यंत रुतत होतो आणि मी दोष बुटांना देत होतो. नकाशा पाहिला, कंटूर वीसचेच आहेत!

काल गच्चीवर हातमोजे घालून स्नोशूचं बक्कल सोडून पाहिलं. एका पायाला चार मिनिटं, तेही उजेडात, उभ्यानं. बक्कलला दोरीची पकड बांधली, आता वीस सेकंद लागतात. रविवारी पाचला निघतोय. बाटली मेहुण्याकडे दिलीये, पण थंडीत पाणीच गोठलं तर रेघ कुठून आणू?

कंपासवाली:
कोमट भरा आणि जाकिटाच्या आत ठेवा. फोनही तिथेच, थंडीत बॅटरी बसते. आणि मेहुण्याचा चष्मा दोरीनं बांधा.