पट्टा नाही, पण घरात वाढलेली वाटते. मालक शोधू की नवं घर?

सायंतारा
परवा संध्याकाळपासून आमच्या जिन्याखाली एक कुत्री येऊन बसली आहे. मध्यम चणीची, तांबूस, छातीवर पांढरा डाग. बरगड्या दिसतात, कानांत गोचीड आहेत. गळ्यात पट्टा नाही, पण मानेभोवतीचे केस एका सरळ रेषेत झिजलेत. "बस" म्हटलं की बसते, मात्र कुणी हात वर केला की अंग चोरून भिंतीला चिकटते. शेजाऱ्यांचं म्हणणं, हिला मारझोड करून कुणीतरी सोडून दिलीय, अशा लोकांना शोधायचंच कशाला? एक कुटुंब तिला न्यायला तयार आहे, उद्याच येतो म्हणतात. माणसं चांगली वाटली, तरी माझं मन धजावत नाही. आणि तोवर तिला घरात घेऊ का? घरात माझं मांजर आहे.

पाणवठा
ताई, उद्या देऊ नका. मी बरीच वर्षं हरवलेली जनावरं घरी पोचवायचं काम करते आणि "टाकून दिलेली दिसते" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक वेळी ऐकते. घरातलं कुत्रं काही आठवडे उघड्यावर राहिलं की ते असंच दिसतं: वाळलेलं, गोचिडांनी भरलेलं, बिचकलेलं. तिच्याकडे बघून मागचं घर कसं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

अंग चोरण्याबद्दलही सांगते. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना त्याला माणसांची, आवाजांची सवय लागते. तेव्हा फारशी माणसं पाहिली नसतील, तर पुढे कितीही मायेच्या घरात गेलं तरी ते वर उचललेल्या हाताला घाबरू शकतं. शिवाय असा भित्रा जीवच एखाद्या मोठ्या आवाजाने पट्ट्यातून मान काढून पळतो. म्हणजे तुमचे शेजारी ज्याला मारहाणीची खूण समजतायत, तेच तिच्या हरवण्याचं कारण असू शकतं. कुठेतरी कुणीतरी तिला हाका मारत फिरत असेल, हे आधी धरून चाला. खरोखर छळ झाल्याचं डॉक्टरांना दिसलं, तर तक्रारीचा रस्ता वेगळा आहे आणि तो आपण नक्की धरू.

आज करायचं काम म्हणजे तिला पशुवैद्याकडे नेऊन चिप आहे का ते बघणं. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी, कातडीखाली टोचलेली असते. तिच्यात बॅटरी नसते, त्यामुळे कुत्रं कुठे आहे ते ती सांगत नाही. स्कॅनर जवळ आला की फक्त आपला नंबर देते, बहुतेक १५ अंकी. त्या नंबरापुढे मालकाचं नाव आणि फोन नोंदणी संस्थेकडे लिहिलेला असतो. टोचतात दोन खांद्यांच्या मधोमध, पण ती सरकते. म्हणून स्कॅनर मानेपासून दोन्ही पुढच्या पायांच्या कोपरांपर्यंत अगदी सावकाश फिरवायला सांगा, आणि काही नाही लागलं तर आणखी एकदा. कानाच्या आत गोंदलेले आकडे आणि पोटावर नसबंदीचा व्रण आहे का तेही बघून घ्या.

"कुत्री सापडली आहे" असं लिहिताना जात ओळखायच्या भानगडीत पडू नका. रंग, चण, अंदाजे वय आणि कुठे सापडली एवढं पुरे. मालक तिला वेगळ्याच जातीची समजत असला, तर जातीचं नाव वाचून पुढे निघून जाईल. एक खूण मात्र स्वतःजवळ ठेवा. छातीवरचा डाग इथे लिहून झालाय, तेव्हा दुसरी काहीतरी निवडा. फोन येईल त्यालाच खूण विचारा, कुत्रीसोबतचे जुने फोटो किंवा लसीकरणाचं पुस्तक मागा. खरा मालक या प्रश्नांनी कधीच चिडत नाही, त्याला हायसंच वाटतं. स्थानिक यंत्रणेला आणि जनावरांच्या निवाऱ्यांनाही कळवा. काही ठिकाणी ते कायद्यानेच करावं लागतं. ब्रिटनमध्ये सापडलेल्या कुत्र्याची खबर तिथल्या कौन्सिलला द्यावी लागते.

त्या कुटुंबाला नाही म्हणू नका. "मालक सापडेपर्यंत सांभाळाल का, सापडला तर परत द्यावी लागेल" एवढंच विचारा. याला जे हो म्हणतात, त्यांच्यावर मी पुढेही डोळे मिटून विश्वास टाकते.

कवडसा
मांजराबद्दल. कुत्रीची तपासणी होऊन गोचीड निघेपर्यंत दोघांना एका खोलीत आणू नका. तिला बाथरूममध्ये किंवा बंद गॅलरीत ठेवा, आणि बाहेरचं दार उघडताना मधलं दार लावलेलं असू द्या. घरात अनोळखी कुत्रं आलं म्हणून मांजर दारातून सटकतं, हे खूपदा होतं.

आमचा बोका असाच सुतारकामाच्या आवाजाला भिऊन गेला होता. आम्ही लांबच्या गल्ल्यांतून हाका मारत होतो आणि तो सापडला शेजारच्या अडगळीच्या खोलीत, रिकाम्या पिंपामागे. हाकेला हूं का चूं नाही. रात्री टॉर्च जमिनीलगत धरून फिरवला तेव्हा फक्त डोळे चमकले. नंतर वाचलं की २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,२१० हरवलेल्या मांजरांची माहिती जमवली होती. त्यातली जी सापडली त्यांपैकी पाऊण हिस्सा निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच होती. त्यामुळे मांजर हरवलं की मी सगळ्यांना सांगतो, आधी शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांची गॅरेज, माळे, जिन्याखालच्या जागा स्वतः वाकून बघा.

ओहोटी
इथेच विचारतो, चालेल ना? माझ्यावर उलटी वेळ आली आहे. आजारपणामुळे मला माझा सहा वर्षांचा कुत्रा दुसऱ्या घरी द्यावा लागणार आहे. लिहितानाही जिवावर येतंय. काय सांभाळू?

पाणवठा
दादा, तुम्ही विचारताय यातच त्याची काळजी दिसते. अपराधी वाटून घेऊ नका. घरातून थेट घरात गेलेल्या जनावराचे हाल निवाऱ्यातून जाणाऱ्यापेक्षा कमी होतात, म्हणून वेळ हातात असतानाच शोधायला लागा.

त्याच्या खोडी आधी सांगा. एकटा राहिला की भुंकतो, लहान मुलांना बिचकतो, ताटलीजवळ हात गेला की गुरगुरतो, जे असेल ते सगळं. खोडी लपवून दिलेलं कुत्रं परत येतं, आणि प्रत्येक परतीबरोबर ते जास्त बावरतं. नसबंदी झाली नसेल तर देण्याआधी करून घ्या. "फुकट देणे आहे" अशी उघडी जाहिरात टाकू नका. पैदाशीसाठी किंवा पुढे विकण्यासाठी जनावरं गोळा करणारे नेमक्या त्याच जाहिराती शोधत असतात. घर स्वतः जाऊन बघा, आणि घरातली सगळी माणसं राजी आहेत का ते त्यांच्याच तोंडून ऐका. नाही जमलं तर परत तुमच्याकडे किंवा तुम्ही नेमलेल्या माणसाकडेच द्यायचं, हे कागदावर लिहून घ्या.

देताना त्याची रोजची चादर न धुता सोबत द्या. पहिले काही आठवडे त्याला अंगणातसुद्धा मोकळा सोडू नये, हार्नेस आणि पट्टा दोन्ही हवेत, कारण या काळात कुत्री जुन्या घराच्या ओढीने पळतात. आणि त्याला चिप असेल तर त्याच दिवशी नोंदणीतलं नाव आणि फोन बदला. हे राहून गेलं तर नवीन घरातून हरवल्यावर फोन तुम्हाला येतो, आणि तुमचाही नंबर बदललेला असला तर कुणालाच येत नाही.

सायंतारा
चिप आहे! उजव्या खांद्याच्या बरीच खाली लागली, दुसऱ्या फेरीत. नसबंदीही झालेली आहे. नोंदणीतला फोन मात्र बंद येतोय. ते कुटुंब तुमच्या अटीवर तिला ठेवून घ्यायला तयार झालं आणि आज घेऊनही गेलं. आता पुढे?

पाणवठा
फार छान झालं. आता नोंदणी संस्थेला विचारा की दुसरा संपर्क, ईमेल किंवा पत्ता आहे का. ते तुम्हाला देणार नाहीत, पण तुमचा निरोप तिकडे पोचवतील. शिवाय हा नंबर असलेली चिप कोणत्या दवाखान्याला पुरवली होती हे बनवणाऱ्या कंपनीकडून कळू शकतं, आणि त्या दवाखान्याकडे मालकाचा नवा नंबर असण्याची शक्यता असते. दोन्हीकडे आजच लिहा. चिपचा नंबर मात्र इथे टाकू नका, तीच आता तुमची राखून ठेवलेली खूण.