चालता रीफ टँक बंद करायचाय, सुरुवात कुठून करू?

मंजिरी_ठाणे

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला आमच्या फ्लॅटमध्ये चार बाय दोन बाय दीड फुटाचा रीफ टँक (प्रवाळ आणि समुद्री मासे असलेली खाऱ्या पाण्याची टाकी) आहे, खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी). यजमानांची बदली नागपूरला झालीये. मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलअखेर निघायचं. सामान हलवणारे काच न्यायला तयार आहेत, पण आतल्या जीवांचं काय, यावर त्यांच्याकडे उत्तर नाही.

आत आहेत: ऑसेलॅरिस क्लाउनची जोडी (दर पंधरवड्याला अंडी घालते), एक यलो टँग, गोबी आणि पिस्टल श्रिंपची जोडी, एक क्लीनर श्रिंप, जेवणाच्या ताटाएवढं पसरलेलं टोडस्टूल लेदर, झोआंथिड्सनी भरलेले दोन दगड, थोडे मश्रूम आणि हॅमरचं एक डोकं (लेदरपासून पुढचे हे सगळे प्रवाळ किंवा त्यांचे नातेवाईक). हॅमरचं बिल दुकानदाराने मागूनही दिलं नाही.

समृद्धीने रात्रीत नेता येईल असं हे म्हणतात. मला मात्र वाटतंय की इथेच चांगली घरं बघून द्यावं आणि थांबावं. तेही नीट कसं करायचं ते कळत नाहीये. नवा टँक कसा लावायचा यावर ढिगाने माहिती मिळते, बंद कसा करायचा यावर कोणी बोलत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

खारंपाणी_पुणे

मंजिरीताई, मी सहकारनगरला याच मापाचा टँक बरीच वर्षं चालवला आणि ठरवून बंद केला. लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट: टँक तब्येतीत आहे तोवर बंद करा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. वेळ पुरत नाही म्हणून पाणी बदलणं लांबतं, केएच (पाण्याची अल्कलिनिटी) घसरतो, शेवाळ चढतं, एखाद्या मे महिन्यात चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) बंद पडतो, आणि मग उरलंसुरलं न्यायला कोणी येत नाही. घेणाऱ्याचाही दोष नाही. आजारी मासा व्हाइट स्पॉट हा परजीवी रोग घेऊन त्याच्या टँकमध्ये उतरणार. तुमचे क्लाउन अंडी घालतायत, लेदर ताटाएवढं आहे, म्हणजे आत्ता तुमच्या जीवांना मागणी आहे. आजपासून दोन महिने हातात धरा आणि नवीन काहीही आणू नका.

नागपूरला नेऊ नका असंच मी म्हणेन. रात्रीचा प्रवास मासे काढतीलही. पण पोचल्यावर त्यांना तयार, सायकल झालेला (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढलेला) टँक लागणार, आणि हलवलेल्या दगडांवरचे बरेच जीव वाटेत मेलेले असले की तिकडे पुन्हा अमोनिया चढणार. त्यात नागपूरचा मे, ४५ अंशांपर्यंत जाणारा. आपल्याला पाणी २५-२६ वर धरायचं असतं. नव्या घरात, निम्मं सामान खोक्यांत असताना, हे सगळं तुमच्या एकटीवर येईल.

आता माझं सांगतो, म्हणजे का थांबलो ते कळेल. पुण्याला समुद्र नाही, त्यामुळे लिटर न् लिटर पाणी घरी बनवायचं. आरओ-डीआय फिल्टरचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, त्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. चाळीस लिटर बदलायचे तर दीड किलोच्या आसपास मीठ गेलं. बारा घनफूट म्हणजे ३४० लिटर. काच, दगड, वाळू, स्टँड धरून अर्ध्या टनाचा बोजा. म्हणून सोसायटीच्या इंजिनियरला दाखवून बीमलगत लावला होता. दगड टाकल्यावर महिना-दीड महिना नुसत्या टेस्ट किट. अमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसायला लागतं. पुढे तपकिरी डायटम, हिरवं शेवाळ, आणि कित्येक महिन्यांनी मागच्या काचेवर कोरलाइन शेवाळाचा पहिला जांभळा ठिपका. तो मी घरातल्या सगळ्यांना टॉर्च लावून दाखवला होता. कठीण प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत म्हणून मी पहिल्यापासून सॉफ्ट कोरलच ठेवले. तेवढ्यातही जन्मभर बघण्यासारखं असतं.

माझ्याकडेही गोबी आणि पिस्टल श्रिंप होते. त्यांच्यासमोर मी तासन् तास बसलोय. कोळंबी बीळ उपसते, बुलडोझरसारखी पुढ्यात वाळू ढकलत दाराशी येते. तिला फारसं दिसत नाही. म्हणून बाहेर पाऊल टाकताना तिची एक मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी दारात पहारा देतो. टँगची सावली पडली की शेपटी थरथरवतो आणि त्या क्षणी कोळंबी आत. मासा पहारा देणार, ती घर बांधणार. हे पुस्तकात वाचणं वेगळं, आणि रोज सकाळी चहाच्या वेळी आपल्या हॉलमध्ये बघणं वेगळं.

मग आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, ती आमच्याकडे राहायला आली. बाथरूमला लागून, उंबरा नसलेली खोली म्हणजे आमचा हॉलच. चिलरची घरघर आणि गरम हवा रात्रंदिवस, उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर पाणी उडून जायचं आणि भिंतीला ओल यायची, आईला खोकला. विजेचा हिशोबही मोठा होता: सरासरी ३०० वॅट धरले तरी महिन्याला दोनशेच्या वर युनिट. पण पैशांनी मी थांबलो नसतो. रीफला रोज तुम्ही हजर लागता. वीज गेली की लागता, एटीओचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचा) फ्लोट अडकला की लागता. त्या काळात आईला मी हवा होतो. निर्णयाचं मला वाईट वाटत नाही. टँकचं अजून वाटतं.

आता कामाचं. आधी घरं ठरवा, मग हात घाला. जो घेतोय त्याचा टँक चालू आणि जुना आहे का ते जाऊन बघा, फोटोवर विश्वास ठेवू नका. यलो टँगला पोहायला लांबी लागते, तीन फुटी टँकवाल्याला देऊ नका. क्लाउनची जोडी तोडू नका. हा मासा वीस वर्षंही जगतो, त्यामुळे घेणाऱ्याला तेवढ्या मुदतीचं काही विचारायला लाजू नका. कोचीच्या सीएमएफआरआय या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन टँकमध्ये वाढवण्याचं तंत्र बसवलेलं आहे. म्हणून तुमची अंडी घालणारी जोडी ब्रीडिंग करणाऱ्या एखाद्या शौकिनाकडे गेली तर मला सगळ्यात आवडेल.

काढण्याचा क्रम महत्त्वाचा. वाळू ढवळण्याआधी वरचं स्वच्छ पाणी ड्रममध्ये भरून ठेवा, पॅकिंगला तेच वापरायचं. आधी कोरल. नंतर पाणी एक-तृतीयांशावर आणून दगड एकेक करून उचला, बादलीवर धरूनच, कारण दगडाच्या भोकात मासा नाहीतर कोळंबी बसलेली असते. दगड निघाले की मासे जाळीत सहज येतात. दगडांच्या मधून जाळी फिरवत माशांना दमवू नका. गोबीचं बीळ ज्या दगडाखाली आहे तो शेवटी, आणि दोघांनी. तो अलगद वर केला की ते दोघं एकाच कोपऱ्यात सापडतात. माशांना आदल्या दिवशी खायला देऊ नका. पिशव्या दुहेरी, टँग वेगळा, लेदर वेगळं. ते ताणात असलं की पाण्यात विष सोडतं.

घेणाऱ्याला एक जरूर सांगा. लांबून आलेली पिशवी उघडून तासन् तास थेंब-थेंब पाणी घालत बसू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तापमान जुळवावं, क्षारता दोन्हीकडे आधीच एकसारखी ठेवावी आणि मासा लगेच सोडावा.

झोआंथिड्सबद्दल मात्र कळकळीने सांगतो. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. दगड घासू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका आणि स्वच्छ करायला उकळू तर मुळीच नका. त्या वाफेने अख्खं कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या नोंदी परदेशात आहेत. दोन्ही दगड ओले असतानाच, जसेच्या तसे, चालू टँकवाल्याला द्या. वाळू सगळ्यात शेवटी, खिडक्या उघड्या ठेवून. खालच्या काळ्या थरातून सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड.

पाणी बाथरूमच्या मोरीत सोडा. बागेत नको, झाडं जळतील. आणि काहीही, अगदी शेवाळाचा तुकडासुद्धा, खाडीत टाकू नका. भूमध्य समुद्रात कॉलेर्पा हे शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयासमोर पहिल्यांदा दिसलं आणि पुढे हजारो हेक्टरवर पसरलं. फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये दिसलेल्या लायनफिशने आज अख्खा कॅरिबियन व्यापलाय.

किनारा_फिरस्ती

वरचं सगळं पटलं. हॅमरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

हॅमर हे कठीण प्रवाळ. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे प्रवाळ २००१ पासून आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्याच रांगेत. परदेशातून आलेलं असेल तर ते साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतं. या अधिनियमाची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यानुसार अशा जिवंत प्रजातींची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद लागते, आणि एकाकडून दुसऱ्याकडे दिलं तर तेही कळवावं लागतं. तुमच्याकडे बिल नाही. त्यामुळे ते कुठल्याही ग्रुपवर विकायला टाकू नका, फुकट द्यायलाही नको. कायद्याच्या जाणकाराला एकदा विचारा आणि मग वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे लेखी जा. घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलासुद्धा वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती.

अनेकजण म्हणतील मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला देऊन टाका. ते मत्स्यालय कोविडपासून बंद आहे.

माझाही टँक होता. आता मी ओहोटीला खडकांवर जाते. हाजी अलीला पाणी उतरलं की डबक्यांतून झोआंथिड्सच्या चादरी दिसतात, आपण दुकानात पॉलिपमागे पैसे मोजतो तेच सगळं, मुंबईच्या गढूळ पाण्यात, भरतीची वाट बघत. ठाणं सोडण्याआधी एकदा मुलांना घेऊन या, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून. फक्त बघायचं, उचलायचं काही नाही.

मंजिरी_ठाणे

दोघांचे मनापासून आभार. रात्री ह्यांना बसवून सगळं वाचून दाखवलं. नागपूरला न्यायचं नाही, ठरलं. हॅमरसाठी ओळखीच्या वकिलांशी उद्याच बोलते. झोआंथिड्सचं वाचून धस्स झालं, आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

दोन शंका. निघायला मुलांच्या परीक्षेमुळे जेमतेम सात आठवडे आहेत, पुरतील का? आणि चिलर, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), पंप विकायचे तर कसे द्यावेत?

खारंपाणी_पुणे

पुरतील. पहिले दोन आठवडे फक्त घरं शोधण्यात घाला. मश्रूम आणि लेदर आधी जातील. टँग आणि क्लाउन शेवटच्या आठवड्यापर्यंत तुमच्याकडे राहू देत, तोवर पाणी बदलणं आणि टेस्ट नेहमीसारखं चालू ठेवा. दगड कमी होत जातील तशी त्यांच्यावरच्या, अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची ताकदही कमी होते, म्हणून खाणं हळूहळू कमी करा आणि अमोनियाची टेस्ट दिवसाआड घ्या. बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप आणून ठेवा. बादल्यांत मासे असताना वीज गेली तर तेच उपयोगी पडतात.

पंप आणि स्किमर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर चालवा, इम्पेलरवरचा चुन्याचा थर सुटतो. चिलरमधून आधी साधं पाणी बराच वेळ फिरवा, आत मीठ राहिलं तर धरून बसतं. विकताना चालू करून दाखवा. काच मात्र जुनी असेल तर सिलिकॉनचे सांधे नखाने तपासा, सुटत असतील तर पुन्हा पाणी भरण्यासाठी म्हणून विकू नका.

नाशिक_रीफ

गोबी-कोळंबीची जोडी मी घेईन. पाच फुटी, जुना टँक आहे, बारीक वाळूचा थर पुरेसा जाड आहे. आमच्याकडे क्षारता १.०२५, तुमची कळवा म्हणजे मी जुळवून ठेवतो. थर्माकोलचा खोका घेऊन पहाटे निघेन, ऊन चढायच्या आत परत पोचता येईल. तारीख तुम्ही सांगा.