जुन्या इंग्रजीतले शब्द दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना कसे शिकवावेत?

प्रश्न
माझे विद्यार्थी आजचे इंग्रजी सहज वाचतात. मात्र चारशे वर्षांपूर्वीचे नाटक हाती घेतले की 'दाऊ', 'हिदर', 'व्हेन्स' अशा शब्दांपाशी अडखळतात. अर्थांची यादी पाठ करून घेतली, पण ती आठवडाभरही टिकली नाही. पाठांतराखेरीज कोणता मार्ग आपल्याला उपयोगी पडला?

उत्तर १
सुटे शब्द देऊ नका, त्यांचे गोत दाखवा. 'हिअर, हिदर, हेन्स' म्हणजे इथे, इकडे, इथून. 'व्हेअर, व्हिदर, व्हेन्स' म्हणजे कुठे, कुणीकडे, कुठून. आजच्या इंग्रजीने हा भेद जवळजवळ टाकून दिला असला, तरी मराठी बोलणारा तो रोज करतो. त्यामुळे फळ्यावर दोन्ही ओळी शेजारी लिहिल्या की वेगळे पाठांतर लागत नाही. 'दाऊ' (तू) आणि 'यू' (तुम्ही) यांचेही तसेच आहे. एखादे पात्र बोलता बोलता 'यू'वरून 'दाऊ'वर आले, तर आपण अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर येतो तेव्हा काय घडलेले असते, एवढेच विचारावे. राग, तुच्छता की जिव्हाळा, हे विद्यार्थी स्वतः ओळखतात.

उत्तर २
वरील तुलना नाटकांपुरती ठीक आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र 'दाऊ' हे केवळ एकवचन आहे; तिथे देवालाही 'दाऊ' आणि चाकरालाही 'दाऊ', त्यामुळे आदर-अनादर शोधू नये.

मला खरी काळजी वाटते ती ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दांची, कारण अनोळखी शब्दासाठी विद्यार्थी कोश उघडतो, ओळखीच्या शब्दासाठी उघडत नाही. 'प्रेझेंटली' म्हणजे तेव्हा बहुधा 'ताबडतोब', 'मीट' म्हणजे कोणतेही अन्न, आणि आज 'होऊ देणे' असा अर्थ असलेला 'लेट' त्या काळी 'अडवणे' या नेमक्या उलट अर्थानेही येतो. 'व्हेअरफोर' पाहून ज्युलिएट रोमिओला शोधते आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती 'तू रोमिओच का आहेस?' असे विचारते, कारण ते नाव वैऱ्याच्या घराण्याचे आहे. 'देअरफोर' म्हणजे 'म्हणून', तर 'व्हेअरफोर' म्हणजे 'का', ही जोडी एकत्रच शिकवावी.

उत्तर ३
एक भर घालतो. हे शब्द वाचताना ओळखता आले की पुरे. त्यांची वाक्ये लिहून घेतल्यास 'दाऊ गोएथ' अशा चुका रुजतात. 'दाऊ'बरोबर 'गोएस्ट' आणि 'ही'बरोबर 'गोएथ', हे उतारा मोठ्याने वाचताना कानावर पडू द्यावे.